एकदा टेस्ट करून घ्या न

गेल्या वर्षीची, मे महिन्यातली गोष्ट. हिंगणा एमआयडीसीतल्या एका बंद कारखान्याच्या टिनाच्या शेडमध्ये आम्ही सकाळी सहालाच पोचलो होतो. दुपारी पारा ४५ अंशांच्या घरात जाणार, हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको. शेडमध्ये तीन कूलर होते आणि तिन्ही बंद ठेवायचे होते. एक झुळूक लागली असती तरी मंगळावरची धूळ जागची हलली असती.

हा मंगळ बारा फूट बाय सोळा फूट होता. लाकडी फळ्यांवर पोती अंथरलेली, पोत्यांवर माती, आणि मातीवर वस्त्रगाळ केलेला गेरू आणि विटांची पूड. गेरूचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचा, आणि मंगळ तांबडा दिसतो तोही त्याच ऑक्साइडमुळे. हे कलादिग्दर्शकाने सांगितलं तेव्हा चितारकाकांचा चेहरा उजळला होता. "म्हणजे आमच्या घरात तीन पिढ्यांपासून मंगळ खलात घोटून राहिले म्हणा," ते म्हणाले होते. दगड इथलेच, काळे. सीताबर्डीची टेकडी ज्या बेसॉल्टची आहे, तसल्याच बेसॉल्टने मंगळाचा मोठा भाग झाकलेला आहे. नागपुरात मंगळ उभा करायचा तर सामान शोधायला फार लांब जावं लागत नाही.

त्या मंगळाच्या मधोमध मनोरा होता. जमिनीखालचा बर्फ वितळवून पाणी वर ओढणारा. कथेत त्याची उंची ३६ मीटर, टेबलावर दीड मीटर. म्हणजे चोवीस पट लहान. तो त्या दिवशी पडणार होता, एकदाच.

नागपुरात एक मराठी विज्ञानपट तयार होत होता आणि तो कसा तयार होतो यावर सहा भागांची मालिका मी करत होते. माझ्यासोबत एक साउंडवाला आणि एक मदतनीस, बस. या प्रकारच्या कामाबद्दल माझं मत पहिल्यापासून ठाम आहे. पडद्यामागचं म्हणून जे आपल्याला दाखवतात ते बहुतेक वेळा जाहिरातच असते. नायक हसतोय, दिग्दर्शक हाताने काहीतरी दाखवतोय, सगळे एका कुटुंबासारखे राहिले असं कुणीतरी सांगतंय. मला हात हवे होते. फाळक्यांनी १९१७ मध्येच 'चित्रपट कसे तयार करतात' नावाचा छोटा चित्रपट काढला होता आणि त्यात ते स्वतः काम करताना दिसतात. आपल्याकडे सिनेमा जन्मून जेमतेम चार वर्षं झाली होती, तोवर त्या माणसाला वाटलं की हे कसं करतात तेही लोकांना दाखवलं पाहिजे. मला ते फार मोठं वाटतं. माझ्या मालिकेची पहिली टिपणं मी काढली तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर मी फक्त ते साल लिहिलं होतं.

पहिल्या दिवशी मी सगळ्या युनिटला गोळा करून एक शब्द दिला होता. कॉलरला माइक लावला की माणूस पाच मिनिटांत तो विसरतो, घरच्यासारखं बोलायला लागतो. असं नकळत निघालेलं काही मी तुमच्या परवानगीशिवाय वापरणार नाही, असं मी सांगितलं होतं. त्या दिवसापर्यंत तो शब्द पाळणं सोपं होतं.

आता चितारकाकांबद्दल. महालातल्या चितारओळीत त्यांचं घर, घरातच कारखाना. गणपती, दुर्गा, पोळ्याचे बैल, आणि वस्तीतल्या पोरांसोबत एखादा बडग्या, म्हणजे मारबतीच्या मिरवणुकीतला पुतळा. कलादिग्दर्शकाने आधी मुंबईहून मॉडेल मागवायचा विचार केला होता. खर्च ऐकून तो गप्प बसला आणि कुणीतरी त्याला चितारओळीत घेऊन गेलं. काकांनी चित्र पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "उभा राह्याचा की पडाचा?"

पडायचा आहे म्हटल्यावर त्यांनी सगळं कामच त्या हिशेबाने धरलं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, सुतळीने बांधलेला, पण ठरलेल्या सात ठिकाणी बांध मुद्दाम ढिले. वरून रद्दीचा लगदा आणि चिंचोक्याची खळ. लगद्याला पीओपीचा पातळ हात, म्हणजे तुटताना कडा सिमेंटसारख्या तडकतील. बाहेरची यंत्रं लोहाओळीतून आणि भंगारवाल्याकडून: कूलरचे जुने पंप, सायकलचं फ्रीव्हील, इंजेक्शनच्या सिरिंजा, मिक्सरच्या भांड्याची पाती, मेलेल्या कॉम्प्युटरचे बोर्ड. सिरिंज आडवी चिकटवून राखाडी रंग मारला की ती दाबाखालची टाकी वाटते. हॉलिवूडवालेही बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या, विमानांच्या खेळण्यांचे सुटे भाग लावूनच अवकाशयानं सजवत आले. काकांना हे कुणी शिकवलं नव्हतं. २४ सप्टेंबर २०१४ ला आपलं मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरलं आणि दुसऱ्याच दिवशी घट बसले. त्या एका रात्रीत त्यांनी एका मंडळाला देवीच्या मखरावर थर्माकोलचं यान करून दिलं होतं. "तवापासून मंगळाचं काम माह्याकडेच," असं ते म्हणत.

मनोऱ्याला साडेतीन महिने लागले. मी त्यातले एकवीस दिवस चितारओळीत शूट केलं. त्यातला एक शॉट अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. काका शिडीवरून पाय खाली सोडून बसलेत आणि मनोऱ्याच्या सगळ्यात वरच्या खिडकीला, जी नखाएवढीसुद्धा नाही, एका केसाच्या ब्रशने गंजाचा ओघळ काढताहेत. ओघळ खिडकीच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू होतो. मी विचारलं, डावीकडूनच का? ते म्हणाले, "पाऊस इकडून येते न." मंगळावर पाऊस नाही हे त्यांना माहीत होतं, आम्ही त्यावर बोललो होतो. त्यांनी ब्रश थांबवला, विचार केला आणि म्हणाले, "मंग वारा इकडून येते." मंगळाला वारा आहे, हवा विरळ असली तरी आहे. ओघळ राहिला.

पडणाऱ्या वस्तूची लहान प्रतिकृती शूट करताना खरी अडचण वेळेची असते. दीड मीटरवरून वस्तू खाली यायला अर्ध्या सेकंदाहून जरासाच जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्या वेगात पडलेली वस्तू डोळ्याला खेळणंच वाटते. म्हणून कॅमेरा वेगात फिरवायचा आणि नेहमीच्या गतीने दाखवायचं. किती वेगात, याचं गणित आहे आणि आमच्या छायाचित्रकाराने ते शेडच्या भिंतीवर खडूने मांडलं होतं. चोवीस पट लहान, म्हणून चोवीसचं वर्गमूळ, ४.९. सेकंदाच्या २४ फ्रेमला ४.९ ने गुणलं की ११८ च्या आसपास. पृथ्वीवरच्या मनोऱ्याला एवढं पुरलं असतं. पण मंगळाचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ०.३८ पट, तिथे सगळं सावकाश पडतं, म्हणून आणखी १.६ पट. हिशेब १९० वर आला आणि कॅमेऱ्यात १९२ लावलं, बरोबर चोवीसच्या आठ पट. आमचं अर्ध्या सेकंदाहून जरासं जास्त, पडद्यावर जवळपास साडेचार सेकंद होणार होतं. ३६ मीटरवरून दगड सोडला तर मंगळावर त्यालाही तेवढाच वेळ लागतो. हे जुळल्यावर आम्ही सगळे त्या भिंतीकडे बघत उभे राहिलो होतो. फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची कित्येक दिवसांची वाढ काही क्षणांत आणून दाखवली होती. आमच्याकडे उलटं, क्षणाला ताणायचं होतं.

आठ पट वेग म्हणजे आठ पट उजेड. शिवाय छोटी वस्तू मोठी वाटायची तर पुढचं-मागचं सगळं स्पष्ट दिसलं पाहिजे; त्यासाठी लेन्सचं तोंड बारीक करावं लागतं, म्हणजे आणखी उजेड. म्हणून मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच किलोवॅटचे टंगस्टनचे दिवे होते. सकाळी आठला १९२ वर टेस्ट घेतली. स्वच्छ. मग ओढायच्या नायलॉनच्या दोरीचं जुळवण्यात अकरा वाजले, मग एका टाकीचा सांधा उष्णतेने सुटला तो काकांनी पुन्हा बसवला, आणि सव्वाबाराच्या सुमारास डाव्या बाजूच्या दिव्याचा ग्लोब फट्‌ आवाज करून उडाला.

लाइटचे मुख्य दादा दुसरा ग्लोब आणायला गाडी काढून शहरात गेले. मागे त्यांचा हाताखालचा पोरगा राहिला, एकोणीस-वीस वर्षांचा, कामठीचा. शेड आणि कॅमेरा, दोन्हींचं भाडं संध्याकाळी सहापर्यंतचंच होतं, आणि प्रॉडक्शन सांभाळणारे साहेब दर दहा मिनिटांनी घड्याळ पाहत होते. तासभर थांबायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी कुठूनतरी एक एलईडी फ्लड मागवला, लग्नाच्या लॉनवर लावतात तसला. तो डाव्या बाजूला चढला. रंग जुळावा म्हणून पुढे पिवळी जिलेटिन. डोळ्याला काही फरक नाही. माझ्या कॅमेऱ्यातही काही फरक नाही. छायाचित्रकार वर मचाणावर दोरी आणि कॅमेरा यांच्यात अडकलेला होता. त्याने ओरडून विचारलं, "लाइट ओके?" खालून साहेबांचा आवाज आला, "ओके."

एक वाजून दहा मिनिटांनी टेक झाला.

त्या क्षणाला माझा कॅमेरा मनोऱ्याकडे नव्हताच, काकांकडे होता. ते मी आधीच ठरवलं होतं. मनोरा मी डोळ्याच्या कडेने पाहिला. दोरी ताणली, खालचा तिसरा बांध आधी सुटला, मनोरा अगदी थोडा, माणूस गुडघ्यात वाकावा तसा खचला आणि मग कलला. गेरूचा लोट उठला. कामट्यांचा कडकड आवाज झाला आणि संपलंच. काकांच्या चेहऱ्यावर मी फोकस धरून होते. ते मोजत होते. ओठ हलत होते: एक, दोन, तीन... सातवा बांध सुटला तेव्हा त्यांनी मान हलवली. साडेतीन महिन्यांत मला त्यांचा याहून चांगला शॉट मिळाला नाही. टाळ्या पडल्या, कुणीतरी कूलर लावले, ताकाची बरणी फिरली.

मग आम्ही सगळे मॉनिटरसमोर जमलो. पडद्यावर मनोरा खरोखर ३६ मीटरचा झाला होता, वजनदार, सावकाश. आणि त्याची पूर्ण डावी बाजू फडफडत होती. उजेड, अंधार, उजेड, अंधार. पत्र्याच्या फटीतून ऊन पडतं त्यासमोर कुणी पंखा धरावा तसं.

कारण समजायला छायाचित्रकाराला दोन सेकंद लागले. आपली घरातली वीज ५० हर्ट्‌झची, तिचा जोर सेकंदाला १०० वेळा वर-खाली होतो. टंगस्टनची जाड तार तेवढ्या वेळात थंडच होत नाही, म्हणून तिचा उजेड सलग राहतो. स्वस्त एलईडी मात्र प्रत्येक वेळी मंद होतो आणि पुन्हा पेटतो. डोळ्याला ते कळत नाही. नेहमीच्या वेगात कॅमेऱ्यालाही नाही, कारण एकेका फ्रेममध्ये दोन-दोन लाटा पूर्ण मावतात. पण १९२ च्या वेगात एका फ्रेमला पावच लाट मिळते. एक फ्रेम उजळ, पुढची काळवंडलेली. कुणीतरी म्हणालं, नंतर कॉम्प्युटरवर काढता येईल. व्हीएफएक्स बघणाऱ्या मुलीने मान हलवली. सगळा उजेड एकसारखा फडफडला असता तर काढता आला असता, तिने समजावलं. इथे एकाच बाजूचा आहे, आणि त्या बाजूला हजार तुकडे उडताहेत, प्रत्येकाची सावली वेगळी.

कुणीच बोलत नव्हतं. मग साहेबांचा आवाज चढला.

ते सरळ त्या पोराकडे गेले. लाइट तू लावला, तुला अक्कल नाही, साडेतीन महिन्यांचं काम मातीत घातलं, आजचे पैसे मिळणार नाहीत, सामान उचल आणि निघ. चाळीस माणसांसमोर. पोरगा खाली बघत होता. त्याच्या हातात चामड्याचे हातमोजे होते, ते तो एकातून दुसरा ओढून काढत होता आणि पुन्हा घालत होता.

माझा साउंडवाला माझ्याकडे बघत होता. त्याने हेडफोन काढून माझ्या हातात दिले आणि रेकॉर्डर मागे नेला. काकांच्या सदऱ्याला सकाळपासून माइक होता. वेळ १२ वाजून ४१ मिनिटं. आधी सुतळी कापल्याचा आवाज, मग काकांचा खोकला, आणि मग थोड्या अंतरावरून त्या पोराचा आवाज: "साहेब, हा मेनवरचा लाइट आहे, स्पीडवर फडकते कधी कधी. एकदा टेस्ट करून घ्या न." आणि त्यावर दुसरा आवाज: "लाइट म्हणजे लाइट. टाइम नाही. लाव तू." अकरा सेकंद.

मी हेडफोन काढले तोवर काका उठून पुढे गेले होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, "साहेब, पोरानं इचारलं होतं तुमाले. मी तिथंच होतो." साहेब म्हणाले, "काका, तुम्ही तुमचं बघा."

बस एवढंच. काका दोन क्षण तिथेच उभे राहिले आणि मग मागे फिरले. त्या दिवशीचं मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. एक साठ वर्षांचा माणूस, ज्याची वस्तू तिथे तुटून पडली होती, ज्याचं नुकसान सगळ्यांत मोठं, तो स्वतःच्या कानांनी ऐकलेलं सांगत होता आणि ते सांगणं कुणी मोजतच नव्हतं. तेच माझ्या मशीनने ऐकलं असतं तर पुरावा झाला असता. ते मशीनने ऐकलं होतं, आणि ते मशीन माझ्या हातात होतं.

मी पोराला शेडबाहेर गाठलं. बाभळीच्या सावलीत तो केबल गुंडाळत होता. निघ म्हटल्यावरही तो आपलं काम आवरत होता. मी त्याला सगळं सांगितलं आणि विचारलं, ऐकवू का? त्याने वर पाहिलं नाही. "नको ताई. राहू द्या. ह्या साहेबाचे मुंबईवाले सगळे ओळखीचे आहे. नागपुरात कामच किती येते? एका दिवसाचे पैसे गेले तं गेले."

मला यावर काही सुचलं नाही. तो चुकीचं बोलत नव्हता.

काकांकडे गेले. माइक त्यांचा होता. ते म्हणाले, "ऐकवा. मले कोणाची भीती? मी तं उद्या जाऊन गणपती करीन." मग थांबले. "पण पोरगा काय म्हणते?" मी सांगितलं. ते गप्प झाले. शेवटी म्हणाले, "मंग तुम्हीच पाहा बाई. तुम्ही शिकलेल्या आहे."

मी काय केलं ते जसंच्या तसं लिहिते. मी दिग्दर्शकाला व्हॅनिटीच्या मागे बोलावलं, त्याच्या कानाला हेडफोन लावले आणि ते अकरा सेकंद ऐकवले. कॉपी दिली नाही, दुसऱ्या कुणाला ऐकवलं नाही. त्याने पुन्हा एकदा लावायला सांगितलं. पोराची इच्छा नाही, हेही मी त्याला सांगितलं. म्हणजे पोराने नको म्हटल्यावरही मी ते ऐकवलं. माझ्या शब्दाला पडलेली ही चीर मी कुठल्याही युक्तिवादाने बुजवत नाही. त्या क्षणी पोराला हाकलत होते आणि काकांना गप्प बसवलं होतं, आणि ते बघत उभं राहणं मला जमलं नाही.

दिग्दर्शक अमरावतीचा, वय तिशीच्या आत, पहिलाच सिनेमा. तो आत गेला आणि म्हणाला, "लाइट बदलल्यावर टेस्ट घ्यायला मी सांगायला पाहिजे होतं. मी सांगितलं नाही. ही चूक माझी आहे. लाइटच्या पोराचे पैसे कापले जाणार नाहीत आणि पुढच्या टेकला तोच लाइटवर राहील." रेकॉर्डिंगचं नाव काढलं नाही. साहेबांकडे बघितलंही नाही. साहेब काय समजायचं ते समजले, कारण अर्ध्या तासाने ते माझ्याकडे आले आणि म्हणाले की आजच्या दिवसाचं जे काही असेल ते डिलीट करून टाका, मालिकेला पैसे प्रॉडक्शन देतंय. मी म्हटलं, मालिकेत काय जाईल त्यावर आपण बोलू, डिलीट काहीच होणार नाही. ते निघून गेले.

पोरगा पुढे दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते.

त्या संध्याकाळी एवढं सगळं होऊन गेल्यावर काका मंगळावर बसले होते. खरंच, टेबलावर चढून, गेरूत मांडी घालून. समोर दोन घमेली. एकात तुटलेल्या कामट्या, दुसऱ्यात पंप, सिरिंजा, फ्रीव्हील, जे पुन्हा लागेल ते. प्रत्येक तुकडा उचलत, अंगठ्याने गेरू पुसत, वळवून बघत आणि योग्य त्या घमेल्यात टाकत. मी बाजूला बसून शूट करत होते. मला राहवलं नाही. काका, वाईट नाही वाटत?

"कायचं वाईट? पडला तं चांगलाच. सातही बांध मोजले मी." एक पाटी झटकली. "आमच्या हातची कोणती वस्तू राह्यते सांगा? गणपती पाण्यात जाते. मारबत तं जाळासाठीच बनते. लोक रस्त्याच्या दोन्ही कडेनं उभे राहून ओरडतात, इडा पिडा घेऊन जा गे मारबत, आणि घेऊन जाते ते. काळी मारबत १८८१ पासून निघून राहिली, दरवर्षी जळते, दरवर्षी नवी होते." मग हसले. "अन्‌ साचे आहे न माह्यापाशी. कोणी साचा थोडीच तोडला."

साचे होते. टाक्यांचे, खिडक्यांच्या पट्ट्यांचे, घुमटाचे, सगळ्यांचे साचे त्यांनी पहिल्याच वेळी करून ठेवले होते. मूर्तिकाराची सवय. आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात ते आलं नव्हतं. साडेतीन महिने गेले म्हणजे साडेतीन महिने लागतील असंच आम्ही धरून बसलो होतो. काकांनी दुसरा मनोरा तेरा दिवसांत उभा केला. गंजाचा ओघळ त्यावरही होता, डावीकडूनच.

मालिकेच्या चौथ्या भागात फडफडणारा शॉट पूर्ण आहे, त्याचं कारणही आहे. काका मोजताना आहेत, घमेली आहेत. दिग्दर्शक "चूक माझी आहे" म्हणतो ते आहे, त्याच्या परवानगीने. ती अकरा सेकंदं कुठेच नाहीत. हार्ड डिस्कवर आहेत, दोन प्रतींमध्ये.

दुसरा टेक नवतपा सुरू असताना झाला. पहिल्यापेक्षा जास्त ऊन. या वेळी दोन्ही बाजूंना टंगस्टन आणि तीन जादा ग्लोब खोक्यात. सकाळी मी माइक लावत फिरत होते. पोराकडे गेले तेव्हा वाटलं तो नको म्हणेल, आणि म्हणाला असता तर मी तशीच मागे फिरले असते. त्याने कॉलर पुढे केली.

टेकच्या आधी छायाचित्रकाराने मचाणावरून विचारलं, "लाइट ओके?" सगळे त्या पोराकडे बघायला लागले. त्याने हातमोजा काढला, कॉलरवरच्या माइकला बोट लावलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"ताई, हे चालू आहे न?"

"चालू आहे."

"एकदा टेस्ट करून घ्या न, सर," तो वर बघून म्हणाला, पार शेडच्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. कॅमेरा १९२ वर फिरला, दहा सेकंद. कुणी हललं नाही. काका पाण्याचा ग्लास हातात धरून तसेच उभे होते. मग सगळे मॉनिटरकडे गेले, आणि पोरगा सगळ्यांत पुढे.